आत्याचा ‘नको’

“तुम्ही माझ्या आत्याच्या तोंडात तिचे नसलेले शब्द कोंबलेत. मेलेल्या बाईला थुंकता येत नाही, म्हणून ते आत राहिले.”

पत्राची ही पहिली दोन वाक्यं कानामात्रानं एका दमात लिहिली आणि मग सवयीनं परत वाचली. व्याकरण ठीक होतं. वर ‘माननीय मंडळ’ असं लिहिलेलं होतं. त्यातलं ‘माननीय’ त्यानं गाळलं, आणि कुठून सुरुवात करावी याचा विचार करत खुर्चीत मागे रेलला. सकाळपासून त्याला एकच वास येत होता, आणि तो वास या खोलीत नव्हता हे त्याला माहीत होतं.

कानामात्रा हे त्याचं नाव नव्हे. मंडळाच्या, धर्मपुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात तो एकतीस वर्षं प्रुफं तपासत होता, आणि एकही काना किंवा मात्रा त्याच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून कोणीतरी ठेवलेलं हे नाव चिकटलं. बायकोसुद्धा रागात असली की त्याला याच नावानं हाक मारी. शिक्षण म्हणाल तर शाळेपुरतं. पुढचं सगळं त्यानं हातानं ओढून आणलेलं, आणि ओढून आणलेलं माणूस विसरत नाही.

त्याची सुरुवात एका गाढवापासून झाली. नोकरीला लागून तीनच महिने झाले होते. शुभवर्तमानाचं, म्हणजे चार जणांनी लिहून ठेवलेल्या प्रभूच्या चरित्राचं, प्रूफ समोर होतं. प्रभू शहरात येतो तो प्रसंग. चौघांपैकी तिघांच्या पुस्तकांत एक गाढव. पण नव्या करारात जे पुस्तक सगळ्यांत आधी लावलेलं असतं, त्यात चक्क दोन: एक गाढवी आणि एक शिंगरू. शिष्य दोघांवर कपडे घालतात आणि प्रभू ‘त्यांच्यावर’ बसतो. कानामात्राला वाटलं, अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याची चूक. त्यानं लाल पेन्सिलीनं एक गाढव उडवलं, अनेकवचनाचं एकवचन केलं, आणि वर सही ठोकली. तीन हजार प्रती छापून झाल्यावर बोंब उठली. शास्त्रातलं जनावर कमी केलं म्हणून त्याला व्यवस्थापकापुढे उभं केलं गेलं. नोकरी वाचली ती आत्यामुळे. आत्या मंडळाच्याच दवाखान्यात नर्स होती आणि तिचा शब्द त्या काळी चालत असे.

त्या संध्याकाळी आत्यानं त्याला समोर बसवलं. तो मान खाली घालून बसला होता. ती हसत होती.

“दोन गाढवांवर एकदम बसायला तो काय सर्कशीतला होता?” ती म्हणाली. “तू चुकलास हे खरंय राजा. पण चूक तुझी एकट्याची नाही. आधी कोणीतरी चुकलंय. तो कोण आणि का चुकला, ते शोध. मग रड.”

धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयाच्या ग्रंथालयानं रद्दीत काढलेलं ग्रीकच्या, म्हणजे शुभवर्तमानांच्या मूळ भाषेच्या, व्याकरणाचं एक पुस्तक तिनंच त्याला आणून दिलं. त्याची पाठ निसटलेली, पानांना वाळवी लागलेली. ते व्याकरण त्यानं सहा वर्षं चघळलं. सहा वर्षांनी त्याला गाढव सापडलं. जुन्या करारातल्या, प्रभूच्या कित्येक शतकं आधीच्या एका संदेष्ट्याची ओळ होती: राजा येतो, गाढवावर बसून, शिंगरावर बसून. ती कविता होती. त्या लोकांच्या कवितेत एकच गोष्ट दोनदा सांगायची रीत. आपण ‘कपडालत्ता’ म्हणतो तसंच. कपडा धुवायला टाकला म्हणून लत्ता कोणी वेगळा शोधत बसत नाही. पण शुभवर्तमान लिहिणाऱ्यानं ती ओळ समोर धरली, आणि शास्त्रात दोन दिसतात तर दोन असलीच पाहिजेत, म्हणून दुसरं गाढव दाव्याला आणून बांधलं. त्यानं ते रस्त्यावर पाहिलं नव्हतं. पुस्तकात पाहिलं होतं.

कानामात्रा धावत आत्याकडे गेला होता. आत्या जखम बांधत होती. ऐकून घेऊन ती म्हणाली, मग पुढे बघ, एवढ्यावर थांबू नकोस.

तो थांबला नाही. मोठे कागद घेऊन त्यावर चार उभे रकाने आखायचे, एकाच प्रसंगाच्या चार हकिकती शेजारी शेजारी उतरवायच्या, आणि ज्यानं जे वाढवलं ते निळ्या पेन्सिलीनं, जे गाळलं ते लाल पेन्सिलीनं रंगवायचं, ही त्याची पद्धत. ती त्याला कोणी शिकवली नव्हती. तीन प्रुफं शेजारी ठेवून तपासणाऱ्या माणसाला ती आपोआप येते. त्यातून काय काय निघालं. तिसऱ्या पुस्तकात प्रभू विधवेचा मुलगा जिवंत करतो आणि ‘त्याला त्याच्या आईच्या हाती देतो’. हे वाक्य ग्रीकमध्ये दुसऱ्या एका जुन्या संदेष्ट्याच्या गोष्टीत शब्दाला शब्द तसंच आहे. थोड्या भाकरींत पुष्कळांना जेवू घालून उरलेलं गोळा करायचं, तेही आणखी एका संदेष्ट्यानं आधी केलेलं. सगळ्यांत आधी लिहिणाऱ्यानं, ज्याचं पुस्तक दुसरं लावलेलं असतं त्यानं, वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी एका स्तोत्राची सुरुवात घातली, ‘मला का टाकलंस’ अशी. तिसऱ्याला ती फार कडू लागली, त्यानं दुसरं गोड स्तोत्र घातलं. चौथ्यानं तहान घातली, ‘मला तहान लागली’ अशी, आणि शास्त्र पुरं व्हावं म्हणून असं सरळ लिहूनही टाकलं.

आणि थुंकी. सगळ्यांत आधी लिहिणाऱ्याचा प्रभू आंधळ्याच्या डोळ्यांत थुंकतो, मुक्याच्या जिभेला थुंकी लावतो. त्याचंच पुस्तक पुढ्यात ठेवून लिहिणाऱ्या दोघांनी ही दोन्ही ठिकाणं बिनबोभाट उडवली. सभ्य घरात वाचायचं पुस्तक, त्यात थुंकी कशाला.

हे सगळं कानामात्रानं एका छोट्या पुस्तकात मांडलं होतं. धर्मशिक्षकांसाठी, साध्या भाषेत. त्याचं चौथं प्रकरण या विणकामावर होतं. त्यानं त्या चौघांना खोटारडे म्हटलं नव्हतं. त्याचं म्हणणं इतकंच, की चाळीस-पन्नास वर्षांनी लिहायला बसलेली ही माणसं, ज्याच्यावर जीव टाकला तो मारला गेलेला, पाहणारे एकेक करून गेलेले, हातात फक्त जुनी शास्त्रं. त्यांनी जुन्या धाग्यांनी नवं कापड विणलं. कापड ओळखा, धागेही ओळखा, त्यानं श्रद्धा उसवत नाही.

मंडळाच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे डॉक्टर म्हणत, ते प्रकरण गाळलं. डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, धर्मशास्त्राचे. छापखान्यातली संगणकावर अक्षरजुळणी करणारी ऑपरेटर म्हणायची, यांना ताप आला तर हे स्वतःला तपासून घ्यायला स्वतःकडे जात नाहीत म्हणजे झालं. डॉक्टरांनी समासात लिहिलं होतं: ‘श्रद्धेला इजा. शुभवर्तमान ही साक्ष आहे, रचना नव्हे.’ चौथं प्रकरण गेल्यावर पुस्तकात तिसऱ्यानंतर पाचवं आलं. अनुक्रमणिका दुरुस्त करायचं कामही कानामात्रालाच करावं लागलं. त्याला दहा वर्षं झाली.

आता आत्याचं.

आत्या निवृत्तीनंतरही दवाखाना सोडून गेली नव्हती. मागच्या अंगाला एका खोलीत राहायची आणि जमेल तेवढं काम करायची. दवाखान्याच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती आणि टाकीला झाकण नव्हतं. वाऱ्यानं उडालं ते उडालंच. त्या जागी अर्धंच तोंड झाकणारा पत्र्याचा तुकडा आणि वर दगड. आत्यानं मंडळाला चार पत्रं लिहिली. पत्रं तिनं सांगितली आणि कानामात्रानं लिहिली, म्हणून त्याला शब्द न् शब्द पाठ. पहिल्याची पोच आली. दुसऱ्याला उत्तर आलं की विषय बैठकीपुढे ठेवला आहे. तिसरं, चौथं कोणी उघडलं की नाही देव जाणे. त्याच उन्हाळ्यात बायकांच्या खोलीत जुलाब सुरू झाले. आत्या दिवसभर पातेली चढवून रुग्णांसाठी पाणी उकळायची, चादरी बदलायची, घाण उपसायची. दहाव्या दिवशी ती स्वतःच आडवी झाली.

शेवटच्या दुपारी कानामात्रा तिच्याजवळ होता. खोलीत घाणीचा आणि फिनेलचा असा मिळून एक वास होता, जो कपड्यांत शिरतो आणि धुतल्यानंही जात नाही. परिचारिकेनं नळाच्या पाण्याचा पेला आणून दिला. त्यानं तो आत्याच्या ओठांना लावला. आत्यानं एक घोट घेतला, तोंडात धरला, आणि त्याच्या सदऱ्यावर थुंकली.

“मला ते पाणी नको,” ती म्हणाली. “टाकीत काहीतरी मेलंय. झाकण बसवा म्हणावं त्यांना.”

त्यानंतर ती बोलली नाही. तासाभरानं गेली. त्यानं ती वाक्यं तिथंच, खिशातल्या प्रुफांच्या वहीत, वेळ घालून लिहिली. मग साथीचा नियम म्हणून तिचे सगळे कपडे, अंथरूण, टॉवेल, आणि स्वतःचा सदरासुद्धा दवाखान्यामागच्या खड्ड्यात त्यानं स्वतःच्या हातानं जाळला. काठीनं ढकलत, शेवटची चिंधी राख होईपर्यंत. गणवेश दोन, घरातले कपडे तीन, एक स्वेटर. शाल तिच्याकडे कधीच नव्हती. शाल पांघरली की हात अडकतात, असं ती म्हणायची.

मंडळानं ठरवलं की आत्याचं चरित्र काढायचं. कानामात्रानं सोळा पानांच्या आठवणी लिहून दिल्या. आपल्या माणसाचं पुस्तक निघतंय म्हणून त्याला बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला बोला. चरित्र डॉक्टर स्वतः लिहिणार होते.

पहिलं प्रूफ आलं. शेवटच्या पानावर आत्यानं ‘घोट बाहेर टाकला’ आणि ‘मला ते पाणी नको’ म्हणाली, एवढंच. टाकी नव्हती. मेलेलं काही नव्हतं. कानामात्रानं समासात विचारलं: पुढची दोन वाक्यं राहिली का?

दुसरं प्रूफ आलं. आता घोट ‘ओठांवरून ओघळला’ होता. आत्या म्हणत होती, ‘मला… पाणी…’ मध्ये तीन आणि शेवटी तीन टिंबं. त्यानं पुन्हा खूण केली.

परवा तिसरं आलं. ‘तिचे ओठ कोरडे पडले होते. ती क्षीण स्वरात म्हणाली, मला तहान लागली.’ खाली बारीक अक्षरांत तळटीप, शास्त्रवचनाचा आकडा देऊन. आणि पुढच्या परिच्छेदात, तिच्या पश्चात रुग्णांनी तिची वस्त्रं वाटून घेतली आणि तिच्या शालीसाठी चिठ्ठ्या टाकल्या.

कानामात्रानं ते वाचलं आणि त्याला शिसारी आली. ओळख पटल्याची शिसारी. हे तर त्याचं जुनंच काम. स्तोत्रात एके ठिकाणी आहे: वस्त्रं वाटून घेतात, झग्यावर चिठ्ठ्या टाकतात. तीही कविता. तोही कपडालत्ताच. चौथ्या शुभवर्तमानकारानं तो कपडा वेगळा आणि लत्ता वेगळा मोजला: वधस्तंभाखाली शिपायांनी केलेले कपड्यांचे चार वाटे, आणि बिनशिवणीच्या अंगरख्यावर वेगळ्या चिठ्ठ्या. आणि डॉक्टरांनी त्या चौथ्याची नक्कल करताना आत्याला एक लत्ता शिवून दिला.

त्यानं मोठा कागद घेतला, चार रकाने आखले. पहिल्यात वहीतली त्याची नोंद, पुढच्या तिन्हींत तीन प्रुफं. लाल पेन्सिल, निळी पेन्सिल. थुंकली, बाहेर टाकला, ओघळला, कोरडे ओठ. नको, नको, टिंबं, तहान. बाईनं जे पाणी नाकारलं तेच तिनं मागितलं असं तीन पायऱ्यांत झालं होतं, आणि कोणत्याही एका पायरीवर कोणी धडधडीत खोटं बोललं होतं असं वाटू नये इतकी ती पायरी बुटकी होती.

ऑपरेटर चहा घेऊन आली आणि कागदाकडे बघत उभी राहिली. मग सांगावं की नाही अशा आवाजात तिनं विचारलं, “काका, दवाखान्यात शाल लावलीय ती बघितलीत का?”

“कुठली शाल?”

“काचेच्या पेटीत. दारातल्या दालनात. मी म्हणतेय असं कुठे बोलू नका, पण ती मंडळाच्या बैठकीच्या खोलीतली आहे. मधल्या खुर्चीच्या पाठीवर असायची ती. झाडूवाल्या मावशीनं इस्त्री करताना जाळली होती, बोलणी खाल्ली होती तिनं. इस्त्रीचा त्रिकोण तसाच आहे.”

पण तो आधी डॉक्टरांकडे गेला. शहाणपणाचं तेच होतं. माणसाला समोरासमोर विचारावं, मग चिडावं.

डॉक्टरांची खोली नीटनेटकी. टेबलावर पाण्याची बाटली, विकतची, सील असलेली. डॉक्टरांनी त्याला बसवलं, बायकोची चौकशी केली, आत्याबद्दल दोन शब्द बोलले आणि तेही छापील वाटले. कानामात्रानं रकान्यांचा कागद पुढे सरकवला. डॉक्टरांनी तो मन लावून पाहिला. त्यांना राग आला नाही. त्यांना तो आवडला, आणि ते जास्त वाईट होतं.

डॉक्टर समजावून सांगू लागले. पुण्यवान माणसाचं चरित्र म्हणजे पोलिसी पंचनामा नव्हे. लोक वाचतात ते अर्थासाठी. मरताना तोंडातून काय निघालं याला अपघातापलीकडे महत्त्व नाही. त्या आयुष्याचा गाभा काय, ते शेवटच्या वाक्यात यायला हवं. आत्याला माणसांची तहान होती. सेवेची तहान होती.

“तिला जुलाब होते,” कानामात्रा म्हणाला.

डॉक्टर किंचित हसले. त्यांनी उठून कपाटातून एक फाईल काढली. आत जुनी, पिवळी पडलेली प्रुफं होती. कानामात्रानं स्वतःचं अक्षर लांबूनच ओळखलं. चौथं प्रकरण. दहा वर्षांपूर्वी गाळलेलं, फेकलेलं नव्हे, जपून ठेवलेलं.

“हे तुमचंच आहे,” डॉक्टर म्हणाले. “तुम्हीच लिहिलंत, चौघांनी जुन्या धाग्यांनी नवं कापड विणलं. खोटं नव्हे म्हणालात, विणकाम म्हणालात. मग मी वेगळं काय केलं? खरं सांगू का, हे प्रकरण फार चांगलं आहे. मी त्यातून शिकलोय.”

“मग गाळलंत कशाला?”

“जे आपण करतो ते सगळ्यांना सांगायचं नसतं.”

कानामात्रानं रकान्यांचा कागद परत ओढून घेतला. दहा वर्षं त्याला वाटत होतं, यांना कळलं नाही म्हणून गाळलं. यांना कळलं म्हणून गाळलं होतं. त्याच्या आयुष्यभराच्या अभ्यासातून या माणसानं कृती शिकून घेतली होती, आणि ती पहिल्यांदा वापरली ती त्याच्याच आत्यावर.

डॉक्टर सौम्यपणे म्हणाले, अंतिम प्रुफावर मुद्रितशोधकाची सही लागते, शिवाय तुम्ही घरचे, एकमेव साक्षीदार. तुमची सही असली की चरित्राला वजन येईल. परवापर्यंत द्या. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत ना तुमची? नीट जाऊ द्या ती.

तो बाहेर पडला आणि दवाखान्याकडे चालू लागला. रस्त्यात त्याला डॉक्टरांपेक्षा त्या चौघांचा राग येत होता, आणि हे त्याला नवीन होतं. तीस वर्षं त्यानं त्यांच्यावर माया केली. त्यांच्या चुकांवर तर जास्तच. दुसरं गाढव त्याला घरच्या गाढवासारखं झालं होतं. आता पहिल्यांदा त्याच्या मनात आलं: पहिल्या रकान्याच्या आधी काय होतं? तिथं कोण बसलं होतं, वही घेऊन? तिथंही एखादा ‘नको’ होता का, आणि कोणी तो गाळला? वधस्तंभाखाली उभ्या असलेल्या एखाद्या बाईनं ऐकलेलं, लिहिता येत नव्हतं म्हणून हवेत गेलेलं, काहीतरी साधं, घाणेरडं, खरं? आवडत्या पुस्तकाला टाकीचा वास मारू लागावा, याहून वाईट काही त्याच्यावर गुदरलं नव्हतं. आत्या गेली तेव्हासुद्धा नाही.

दवाखान्याच्या दालनात काचेची पेटी होती. आत शाल, करड्या रंगाची, घडी अशी घातलेली की जळका त्रिकोण वर यावा. खाली पाटी: ‘आगीतून रुग्णाला वाचवताना पडलेली खूण.’ कानामात्रानं ती दोनदा वाचली. इस्त्रीची आग झाली होती. डाग लपवता आला नाही म्हणून त्याला गोष्ट जोडली होती. दवाखान्याला आग कधी लागलीच नव्हती, पण आता लागणार होती. दुसऱ्या आवृत्तीत नक्की, एका प्रकरणाची.

पण तो जागीच थांबला तो दुसऱ्याच गोष्टीपुढे. पेटीच्या शेजारी भिंतीत नवा नळ बसवला होता, पितळी, चकचकीत. वर संगमरवराची पट्टी, त्यावर कोरलेलं: ‘मला तहान लागली.’ पुस्तक अजून छापायचं होतं, आणि दगड कोरून तयार. नळापुढे माणसांची रांग होती. एक म्हातारी बाटली भरत होती. तिच्यामागे एक बाई पोटाशी धरलेल्या तान्ह्या मुलाच्या ओठांना ओल्या बोटानं पाणी लावत होती.

“हे पिऊ नका,” तो म्हणाला.

म्हातारीनं वळून पाहिलं. “का हो? माऊलीचं पाणी आहे. शेवटी हेच मागितलं तिनं.”

“मागितलं नाही. मी होतो तिथं. थुंकली ती.”

रांगेतल्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं पूर्वी तीन हजार प्रतींतून गाढव पळवल्यावर व्यवस्थापकानं पाहिलं होतं. म्हातारीनं बाटलीचं बूच घट्ट केलं आणि पदराआड धरली. इतक्या चांगल्या बाईबद्दल असं बोलवतं कसं, असं कोणीतरी पुटपुटलं.

तो जिन्यानं गच्चीवर गेला. टाकीला लोखंडी शिडी होती, तिच्यावर चढला. पत्र्याचा तोच तुकडा, वर तोच दगड. त्यानं दगड उचलला आणि पत्रा बाजूला केला. वास आधी आला. मग दिसलं: हिरवी साय, त्यावर पिसं, आणि कडेला, पाणी खाली जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी, फुगून पांढुरकं झालेलं एक कबुतर. त्याच्याखाली आणखी एक होतं, जुनं, नुसता सांगाडा. आत्याचं बहुधा तेच. खालच्या नळाला कोणीतरी बाटली लावली असावी, कारण त्याच्या डोळ्यांदेखत पाणी हललं आणि कबुतर नळीकडे थोडं सरकलं.

तो तिथंच, शिडीवर, ओकला. बाहेरच्या बाजूला, टाकीत नव्हे. एवढी शुद्ध राहिली होती. मग सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सरकवून त्यानं दोन्ही पक्षी काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले, आणि उतरून मुख्य झडप बंद केली. खाली रांगेत कुरकूर झाली असेल. त्यानं ऐकून घ्यायला तिथं थांबायचं नाही असं ठरवलं. अर्ध्या तासात कोणीतरी झडप उघडणार, हे त्याला माहीत होतं.

छापखान्यात परतल्यावर पुडकं त्यानं दाराबाहेर ठेवलं आणि तीनदा हात धुतले. ऑपरेटर त्याच्या बाहीकडे बघत राहिली. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, सही कर नाहीतर करू नकोस, पण ती टाकी रोज घरी आणू नकोस, एकदा काय ते संपव.

त्यानं अंतिम प्रूफ पुढ्यात ओढलं. प्रुफांच्या खुणांत एक खूण त्याला कायम आवडत आली होती. चुकून खोडलेला शब्द परत हवा असेल, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं: राहू द्या. त्यानं ‘मला तहान लागली’ खोडलं. वर स्वतःच्या वहीतली तीन वाक्यं उतरवली, ‘थुंकली’सकट. ‘नको’खाली टिंबं दिली, कागद फाटेल इतकी दाबून. समासात लिहिलं: राहू द्या. सहीची जागा कोरी ठेवली. ऑपरेटर खांद्यामागून वाचत होती.

“काका, नोकरी?” तिनं विचारलं.

“दोन गाढवांवर नाही बसता येत,” तो म्हणाला, आणि पत्राचा कागद समोर घेतला.

पहिली दोन वाक्यं लिहून झाली होती, ती तुम्ही वाचलीच. पुढचं त्यानं सावकाश लिहिलं.

“ज्या चौघांचा आडोसा तुम्ही घेता, त्यांना मी विचारू शकत नाही. त्यांच्या माणसाला मारलं तेव्हा त्यांतल्या कोणाच्या टेबलावर चार पत्रं पडलेली नव्हती. त्यांनी शास्त्रातून शब्द आणले असतील. पण जो मारला गेला त्याला मारणाऱ्यांनी त्याचं चरित्र लिहायला घेतलं नाही. ते तुम्ही केलंत. त्यांनी चूक केली तर एक गाढव वाढलं. तुमच्या चुकीनं लोक बाटल्या भरून नेताहेत. सोबतच्या वर्तमानपत्रात त्या पाण्यातून काढलेलं जे आहे ते पाठवतो. काचेची दुसरी पेटी करून ठेवा, ही खूण तरी खरी आहे.

“चौथं प्रकरण छापा किंवा छापू नका. चरित्र माझ्या सहीशिवाय काढा किंवा काढू नका. माझा प्रश्न शास्त्राचा नाही. तोच प्रश्न आत्यानं चार वेळा लेखी विचारला आणि पाचव्यांदा मरताना. त्याला तळटीप नको, वचन नको, बैठक नको. मी दवाखान्याच्या दालनात, त्या नळापुढे, पाठ लावून बसतोय, आणि उत्तर येईपर्यंत कोणालाही बाटली भरू देणार नाही.

“टाकीला झाकण बसवलंत का? हो की नाही?”